साडेसहाशे

म्हापशाच्या बाजारात, केळ्यांच्या ओळीमागे,
जिन्याखाली मिंगेलचं दुकान.
काचेवर दोन खोकी.
एकावर साडेआठशे वॅट, पेटलेल्या अक्षरांत.
दुसऱ्यावर साडेसहाशे, नुसतंच.
किंमत जवळजवळ सारखी.

दत्तेश म्हणाला, "बाबा, व्हडलें घेया.
आंकडो पळय."

तेहतीस वर्षं मी डिचोलीतल्या खांबांवर चढलो.
उजव्या अंगठ्याचं नख
वरच कुठेतरी राहिलं.
आकड्यांशी माझं जुनं भांडण आहे,
पण ते दुकानात कसं काढणार?
मी खिशातून चिठ्ठी काढली.

रात्री त्याच्याच तोंडून उतरवून घेतलेली,
विजेच्या बिलामागे:
ग्राफिक्स कार्ड, दोनशे वीस.
प्रोसेसर, एकशे वीस.
बोर्ड, डिस्क, पंखे, ते नाचरे दिवे, साठ धर.
बेरीज चारशे.
"मग चारशेचंच आणा की,"
सुलक्षा म्हणाली होती, तांबडी भाजी निवडता निवडता.

चारशेचं पुरत नाही.
मयेत एकदा जत्रा होती, देवळापुढे नाटक.
भार मी स्वतः मोजला होता,
फ्यूज बघितला होता,
वहीत सही केली होती.
तिसऱ्या अंकात राजा सिंहासनावरून उठला
आणि त्याच घटकेला
पलीकडच्या बर्फाच्या कारखान्याने मोटार सुरू केली.
मोटार चालताना शहाणी असते.
उठताना मात्र चौपट ओढते,
दोन श्वासांपुरती.

काळोख.
राजा बोलतच राहिला. पाठ होतं त्याला.
एक माणूस जागचा हलला नाही.
मी तोंडात बॅटरी धरून खांबावर,
खालून त्याचं सबंध स्वगत ऐकत
तार बांधत होतो.
शेवटच्या ओळीला उजेड आला.
लोकांना वाटलं, नाटकातच आहे.

"हें कार्डय तशेंच," मिंगेल म्हणाला.
खेळात मोठा स्फोट झाला
की डोळ्याचं पातं लवायच्या आत दुप्पट मागतं,
मिळालं नाही तर सगळंच बंद.
मी चिठ्ठीवर आणखी दोनशे वीस लिहिले.
सहाशे वीस.
पेन टोपणात घातलं.

मग दोन्ही खोकी उचलून बघितली,
एकेका हातात एकेक.
साडेआठशे हलकं, भुशाच्या पिशवीसारखं.
साडेसहाशेने मनगट खाली ओढलं.
आत तांबं होतं.
मिंगेलने पेटलेलं खोकं मुकाट्याने मागे सरकवलं.
"पात्रांव, हाताक कळटा," म्हणाला.

बसमध्ये दत्तेश अस्नोड्यापर्यंत बोलला नाही.
साखळीच्या मित्राकडे साडेआठशे आहे.
खोकं त्याच्याच मांडीवर होतं,
दोन्ही हातांनी धरलेलं.

रात्री जोडणी झाली.
खोलीत जांभळा उजेड.
हेडफोन लावून तो कुणाला तरी हाका मारत होता,
कोंकणीत, इंग्रजीत, मध्येच एक शिवी.
मी घरातलं बाकी सगळं बंद केलं
आणि घड्याळ घेऊन व्हरांड्यात,
मीटरसमोर.

लाल ठिपका.
बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट.
एका मिनिटात पंचवीस.
पुन्हा मोजलं. पंचवीस.
म्हणजे चारशे सत्तरला थोडं कमी,
त्यात मॉनिटरचे तीस,
काही वाटेतच उष्णतेत गेलेले.
पेटी साठ टक्क्यांवर चाललीय.
थंड राहील. टिकेल.

सांगायला आत गेलो.
"बाबा, एक मिनीट."
दारात उभा राहिलो.
पडद्यावर एक पूल कोसळत होता,
धूर, ठिणग्या, पाच-सहाजण धावत सुटलेले.
माझे कान खोक्याकडे.
साधी गुणगुण. चढ नाही, उतार नाही.
तो एक मिनिट बराच लांबला.
मी तसाच जाऊन झोपलो.

सकाळी सुलक्षा स्वयंपाकघरातून ओरडली,
फ्रीज कोणी बंद केला,
सहाच्या सहा बांगडे गेले.